पहिली प्रादेशिक ग्लायडिंग स्पर्धा: नाव नोंदवण्यापासून लॉगरची फाइल देईपर्यंत

क्लबच्या प्रादेशिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्या वैमानिकाला धाकधूक असते ती आपण फार हळू उडू याची. गुण मात्र जातात ते धावपट्टीवर परत न पोचल्यामुळे: ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, वर नेणारी हवा सापडली नाही की वाटेतल्या शेतात उतरावं लागतं. दिवसाच्या विजेत्याला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात. त्यातले काही अंतराचे, काही वेगाचे. अंतराचे गुण शेतात उतरलेल्यालाही मिळतात, वेगाचे फक्त टास्क, म्हणजे त्या दिवसाचा नेमून दिलेला मार्ग, पुरा करून आलेल्याला. आणि ज्या दिवशी बहुतेक जण घरी पोचतात, त्या दिवशी हजारातला मोठा हिस्सा वेगाचाच असतो. म्हणजे हवा चांगली असलेल्या दिवशी बाहेर उतरणं सगळ्यात महागात पडतं.

माझ्या पहिल्या स्पर्धेत पहिल्या दिवशी मी पहिल्या पाचात होतो. दुसऱ्या दिवशी त्याच तोऱ्यात निघालो आणि अर्ध्या वाटेत शेतात बसलो. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. शेवटी माझ्या पुढे होते ते सहकारी रोज माझ्यापेक्षा संथ उडत होते आणि रोज घरी येत होते. खाली जे लिहितो आहे ते सगळं त्या एका अनुभवाभोवती फिरतं: पहिल्या स्पर्धेत रोज घरी यायचं, बाकीचं नंतर.

पायरी १: आपण तयार आहोत का ते स्वतःशी ठरवा

बहुतेक ठिकाणी सिल्व्हर बॅज (ग्लायडिंगमधली एक पात्रता) किंवा तेवढा अनुभव मागतात. ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंची मिळवणं आणि ५ तास हवेत राहणं, हे त्याचे तीन भाग. यातले पाच तास मला सगळ्यात मोलाचे वाटतात. मलूल हवेत, दुपार कलताना, खाली जायची इच्छा दाबून तरंगत राहायची सवय त्यातून लागते, आणि स्पर्धेत तीच कामाला येते.

बॅज असला तरी तीन प्रश्नांची खरी उत्तरं द्या. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेच्या झोतात, चार-पाच ग्लायडर असताना तुम्हाला नीट घिरट्या घालता येतात का? गेल्या महिन्या-दोन महिन्यांत टगच्या, म्हणजे ग्लायडर दोराने ओढून वर नेणाऱ्या विमानाच्या, मागे पुरेशी टोइंग झाली आहेत का? आणि अनोळखी शेत निवडून तिथे उतरण्याचा सराव, निदान मोटार ग्लायडरमध्ये प्रशिक्षकाबरोबर, केला आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी तो सराव करा, नाव पुढच्या वर्षी द्या. शेतात उतरायची भीती मनात असलेला माणूस धावपट्टी सोडून लांब जातच नाही, नाहीतर जातो आणि निर्णय लांबवत राहतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

१९२० साली जर्मनीत वास्सरकुप्पे डोंगरावर ग्लायडरची पहिली मोठी स्पर्धा झाली तेव्हा सगळ्यात लांबचं उड्डाण दोन किलोमीटरही भरलं नव्हतं. तरी ती माणसं पुन्हा पुन्हा डोंगर चढून वर आली. पहिल्या दिवशी तुमचे चाळीसच किलोमीटर झाले तर हे आठवा.

पायरी २: नियमावली घरी वाचा, धावपट्टीवर नाही

प्रत्येक स्पर्धेचे स्थानिक नियम वेगळे असतात. बंदी असलेलं आकाश कुठे, रेडिओची फ्रिक्वेन्सी कोणती, स्टार्टची (हवेतच टास्क सुरू करण्याच्या जागेची) उंचीमर्यादा किती, फिनिशच्या वर्तुळात किमान किती उंचीने यायचं, कशाला किती गुण कापतात. या पाच गोष्टी एका कागदावर उतरवून कॉकपिटात लावा. बंद आकाशात चुकून शंभर मीटर आत शिरलं तरी दिवसभराची मेहनत वाया जाऊ शकते.

टास्क मुख्यतः दोन प्रकारचे. रेसिंग टास्कमध्ये ठरलेले टर्नपॉइंट, म्हणजे वळायच्या जागा, ठरलेल्या क्रमाने घ्यायचे. प्रत्येक टर्नपॉइंटभोवती साधारण ५०० मीटर त्रिज्येचं अदृश्य वर्तुळ असतं, लॉगरमधला (उड्डाणाचा मार्ग नोंदवणाऱ्या यंत्रातला) एक बिंदू त्या वर्तुळात पडला की झालं. त्यामुळे नेमक्या बिंदूवर जायची गरज नाही, वर्तुळाच्या आतून वळा.

नवख्यांची खरी गल्लत होते ती एरिया टास्कमध्ये. इथे बिंदूऐवजी मोठमोठी क्षेत्रं दिलेली असतात, प्रत्येक क्षेत्रात किती आत जायचं ते तुम्ही ठरवायचं, पण टास्कला किमान वेळ असतो. समजा किमान वेळ ३ तास आहे. तुम्ही २१० किलोमीटर उडून ३ तासांत आलात तर वेग ताशी ७०. तेच २०० किलोमीटर उडून २ तास ५० मिनिटांत आलात, तर प्रत्यक्ष वेग ताशी ७० पेक्षा थोडा जास्त असतो, पण हिशोब ३ तासांनीच होतो आणि पदरात पडतात ताशी ६६.७. लवकर आल्याचं नुकसान हे असं होतं. उलट दहा मिनिटं उशिरा आलात तर तुमचा खरा वेग तसाच धरला जातो, काही बिघडत नाही. म्हणून आखणी करताना किमान वेळ उलटल्यावर पाच ते दहा मिनिटांनी घरी पोचायचं ठरवा. पहिल्या क्षेत्रात फार खोल जाऊ नका, हवा कळायची असते. शेवटच्या क्षेत्रात, घड्याळ बघत, वेळ जमवून घ्या.

प्रादेशिक स्पर्धेत जुनी-नवी, लहान-मोठ्या पंखांची ग्लायडर एकत्र उडतात. त्यासाठी हँडिकॅप असतो: ग्लायडर जितकं चांगलं, तितकं त्याच्या वेगाला किंवा अंतराला भागणारा आकडा मोठा. तेव्हा क्लबचं जुनं ग्लायडर मिळालं म्हणून हिरमुसू नका. ज्या ग्लायडरमध्ये तुमचे सर्वांत जास्त तास झाले आहेत तेच न्या. आठवडाभरापूर्वी हातात आलेलं चकचकीत ग्लायडर पहिल्या स्पर्धेला नेणं म्हणजे दोन परीक्षा एकदम देणं.

पायरी ३: ग्लायडर, ट्रेलर आणि एक गोष्ट

ग्लायडरची यादी सगळ्यांकडे असते: बॅटऱ्या, लॉगरचं शेवटचं कॅलिब्रेशन, फ्लार्म (टक्करीचा इशारा देणारं यंत्र), पॅराशूटच्या पॅकिंगची तारीख, सांध्यांवर लावायची टेप, कॅनपीसाठी स्वच्छ कापड, कॉकपिटातलं किमान वजन भरणारी शिशाची वजनं. ग्लायडर सुटं करून नेणाऱ्या ट्रेलरकडे मात्र कोणी बघत नाही, आणि तो बिघडला की तुम्हाला शेतातून आणायला निघालेला मित्र स्वतःच रस्त्यात अडकतो. टायर, दिवे, जास्तीचं चाक, किल्ल्या. किल्ल्या तुमच्या खिशात घेऊन उडालात तर क्रू, म्हणजे जमिनीवरचे तुमचे मदतनीस, जागच्या जागी बसून राहील.

आता ती गोष्ट. स्पर्धेच्या तिसऱ्या सकाळी मी शेपटीचा आडवा पंख बसवत होतो. बोल्ट लावला, एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची) जोडणी करणार तेवढ्यात शेजारच्याने पंख धरायला हाक मारली. गेलो, दहा मिनिटांनी परत आलो आणि सांध्यावर टेप लावायला सुरुवात केली. माझ्या मते काम झालं होतं. नंतर नियमाप्रमाणे कंट्रोल तपासणीला मित्र मागे गेला, एलिव्हेटर हाताने धरला आणि म्हणाला, “घे स्टिक मागे.” मी घेतली. “घेतलीस का?” तो म्हणाला. “अरे, इथे काहीच हलत नाहीये.” आम्ही दोघंही काही क्षण बोललो नाही. मग टेप सोलून काढली. आत जोडणी नुसती लोंबत होती.

त्या दिवसापासून माझा नियम असा की जोडणी करताना कोणी हाक मारली तर हातातलं काम पुरं करूनच उठायचं, आणि मधेच उठावंच लागलं तर परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं. कंट्रोल तपासणीत एकाने बाहेर एलेरॉन, एलिव्हेटर, रडर आणि एअरब्रेक हे पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलणारे भाग एकेक करून घट्ट धरायचे, दुसऱ्याने आतून त्याच्या विरुद्ध जोर लावायचा. नुसतं ‘हलतंय का’ बघणं पुरत नाही. समोरच्याच्या हाताला जोर जाणवला पाहिजे.

पायरी ४: सकाळचं ब्रीफिंग आणि हवा

ब्रीफिंगला स्पर्धेचा संचालक, टास्क ठरवणारा आणि हवामान सांगणारा, तिघंही महत्त्वाचं बोलतात. टास्क बहुतेकदा दोन-तीन पर्यायांत मिळतो, आणि ग्रिडवर, म्हणजे उड्डाणासाठी लावलेल्या ग्लायडरच्या रांगेत, उभं असताना रेडिओवरून पहिला रद्द होऊन दुसरा लागू होऊ शकतो. सगळे पर्याय आधीच कॉकपिटातल्या मार्ग दाखवणाऱ्या यंत्रात भरून ठेवा.

हवेचा एक हिशोब स्वतः करायला शिका. जमिनीलगतचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगांचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल ते कळतं. दुपारचं तापमान ३२ अंश आणि दवबिंदू १६ असेल तर फरक १६, म्हणजे तळ सुमारे २००० मीटर. तळ जेवढा वर तेवढा तुमच्याकडे चुका सुधारायला वेळ जास्त. वाऱ्याची दिशा आणि टास्कचा शेवटचा टप्पा यांचा संबंध नकाशावर पेन्सिलीने मांडा. दुपारी थकलेली हवा आणि समोरून वारा अशी शेवटची धाव असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

पायरी ५: ग्रिड आणि टोइंग

इथे थोडक्यात. टोपी बिनकाठाची असू द्या, म्हणजे वर बघताना आडवी येत नाही. पाणी भरपूर घ्या आणि ते शरीराबाहेर टाकायची सोयही हवेतल्या वेळेसाठी करा. लाजून पाणी न पिणारा वैमानिक चौथ्या तासाला चुकीचे निर्णय घेतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ग्रिडवरून आधी एक ग्लायडर चाचपणीला वर पाठवतात. ते टिकलं की बाकीच्यांना सोडायला सुरुवात होते. टग साधारण ६०० मीटरवर सोडतो.

टग उडवणारे, पंख धरणारे, गुण मोजणारे हे सगळे क्लबचे सदस्यच असतात, उन्हात उभे राहून तुमच्यासाठी राबत असतात. तुमच्या क्लबची स्पर्धा असेल तर एखादा दिवस स्वतः न उडता दोर लावायचं काम मागून घ्या. एका दुपारी चाळीस ग्लायडर सुटताना जवळून बघितली की ग्रिडवरची घाई दुसऱ्या दिवशी अंगावर येत नाही.

पायरी ६: स्टार्टच्या आधीचा घोळका

सुटल्यापासून स्टार्ट उघडेपर्यंतचा वेळ हा सगळ्या दिवसातला सर्वांत गर्दीचा. एकाच थर्मलमध्ये पंधरा ग्लायडर एकावर एक फिरत असतात. नियम मोजके आहेत, पण ते हाडात भिनले पाहिजेत.

थर्मलमध्ये पहिल्याने ज्या दिशेने वळण घेतलं, त्याच दिशेने सगळ्यांनी वळायचं. आत शिरताना वर्तुळाच्या बाहेरून, कडेला समांतर होत या. मधोमध घुसून कोणाच्या नाकासमोर येऊ नका. तुमच्या उंचीवरच्या प्रत्येक ग्लायडरची जागा तुम्हाला माहीत हवी, आणि एक जरी दिसेनासा झाला तर हळूच वळण सैल करून बाहेर पडा. फ्लार्म हे स्वित्झर्लंडमध्ये २००४ च्या सुमारास आलेलं टक्कर-सूचक यंत्र आहे, त्याने नक्कीच जीव वाचतात, पण ज्याच्याकडे ते नाही किंवा ज्याचं बंद आहे तो त्यात दिसतच नाही. घिरट्या घालताना व्हेरिओचा (किती चढतोय-उतरतोय ते आवाजाने सांगणाऱ्या यंत्राचा) आवाज कानाने ऐका, डोळे बाहेर ठेवा. आकाशातली घार खाली बघत फिरते, आपल्याला चहूकडे बघत फिरायचं आहे.

माझं मत असं की नवख्याने घोळक्याच्या वरच्या टोकासाठी भांडू नये. शेजारचं थोडं कमजोर पण रिकामं थर्मल तुम्हाला स्टार्टपर्यंत शांतपणे टिकवेल.

पायरी ७: कधी निघायचं

शेवटचं ग्लायडर सुटल्यावर साधारण वीस मिनिटांनी स्टार्ट उघडतो. जाणकार मंडळी मुद्दाम उशिरा निघतात, म्हणजे पुढच्यांनी शोधलेली थर्मल त्यांना आयती मिळतात. तुम्ही मात्र लवकर निघा. मागून वेगवान माणसं येऊन तुम्हाला गाठतील, तेव्हा थोडा वेळ त्यांच्याबरोबर फिरायला मिळेल, आणि संध्याकाळी हवा मंदावायच्या आत घरी पोचायला हाताशी वेळ राहील. दोनदा स्टार्ट घेऊन नशीब आजमावण्याचा खेळ पुढच्या वर्षासाठी ठेवा.

पायरी ८: वाटेत वेग कुठून येतो

पॉल मॅकक्रेडी हे १९५६ साली ग्लायडिंगचे जगज्जेते झाले. दोन थर्मलच्या मधे किती वेगाने जायचं, हे पुढच्या थर्मलमध्ये किती चढ मिळेल यावर ठरवण्याची रीत त्यांच्या नावाने ओळखली जाते. यंत्र तुम्हाला आकडा सांगतंच. पण वेग खरोखर कुठून येतो ते एकदा कागदावर मांडा.

१००० मीटर चढायला सेकंदाला १ मीटर चढणाऱ्या थर्मलमध्ये १६ मिनिटं ४० सेकंद लागतात. २ मीटरच्या थर्मलमध्ये ८ मिनिटं २० सेकंद. आता ३० किलोमीटरचा सरळ पल्ला घ्या. ताशी १२० ने १५ मिनिटं, ताशी १४० ने १३ मिनिटांना थोडं कमी. नाक खाली घालून, उंची उधळून तुम्ही दोन मिनिटं कमावता. कमजोर थर्मल सोडून चांगलं निवडता तेव्हा आठ मिनिटं. म्हणून यंत्रात अपेक्षित चढापेक्षा कमी, निम्मा आकडा ठेवून उडा. वेगात फारसा फरक पडत नाही आणि पोहोच मात्र बरीच वाढते.

उंचीचे तीन पट्टे मनात करा. सगळ्यात वरच्या भागात निवडक राहा, मधलं-अधलं थर्मल सोडून पुढे चला. मधल्या भागात चांगलं दिसलं की घ्या. खालच्या भागात आलात की स्पर्धा थांबली असं समजा, जे वर नेईल ते घ्या आणि त्यात चिकाटीने फिरत राहा. इथेच लोक हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतात: हाताखाली अर्ध्या मीटरचा चढ असतो, तीन किलोमीटरवर सुरेख ढग दिसतो, आणि ढगाखाली पोचेपर्यंत तो विरलेला असतो. ढगाच्या बाबतीत त्याचा तळ बघा. तळ गडद आणि धारदार असेल तर जिवंत, फिकट आणि फाटका असेल तर संपत आलेला. ढगच नसतील तर घिरट्या घालणाऱ्या घारी शोधा. त्या पंख न हलवता वर जात असतील तर तुम्हीही जाल.

पायरी ९: शेतात उतरायची वेळ आली तर

आकडे ठरवून घ्या आणि ते मोडू नका. जमिनीपासून ६०० मीटरवर उतरण्याजोगा प्रदेश पोचेत हवा. ४५० मीटरवर नेमकं शेत निवडलेलं हवं. ३०० मीटरवर उतरण्याचा फेरा सुरू, आणि त्यानंतर व्हेरिओ कितीही गोड वाजला तरी घिरटी नाही.

शेत बघताना आधी वारा, मग लांबी, मग उतार. वरून उतार जवळजवळ दिसत नाही. वरून दिसण्याइतका उतार दिसला तर तो खूपच आहे. चढाच्या दिशेने उतरा, आणि नांगरट असेल तर नांगराच्या सरींच्या दिशेने. विजेच्या तारा हवेतून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं धरा. उभं पीक फसवं असतं: वरून हिरवं मऊ गवत वाटतं आणि कंबरेइतक्या पिकात पंखाचं टोक अडकून ग्लायडर गर्रकन फिरतं. शक्य तोवर कापणी झालेलं रान निवडा.

उतरल्यावर आधी स्पर्धेच्या कार्यालयाला फोन करून सुखरूप असल्याचं कळवा, मग क्रूला ठिकाण पाठवा. शेतमालक येईल तेव्हा त्याच्याशी तुम्ही स्वतः, आदराने बोला आणि त्याला विचारल्याशिवाय ट्रेलरची गाडी रानात घालू नका. पुढच्या वर्षी त्याच शेतात तुमच्या क्लबचं दुसरं कोणी उतरणार आहे.

पायरी १०: फायनल ग्लाइड

शेवटच्या थर्मलमधून थेट घरी निघायची घडी ठरवणं हा स्पर्धेतला सर्वांत अवघड निर्णय. ४० च्या ग्लाइड गुणोत्तराचं ग्लायडर शांत हवेत १००० मीटरवरून ४० किलोमीटर जातं. पण समजा तुम्ही ताशी १०० ने उडताय आणि समोरून ताशी २५ चा वारा आहे. जमिनीवरचा वेग उरला ७५, आणि ४० चे झाले ३०. वाटेत बुडती हवा लागली तर त्याहून कमी. अंथरूण पाहून पाय पसरायचे ते इथे. पहिल्या स्पर्धेत यंत्राने सांगितलेल्या उंचीच्या वर आणखी ३०० मीटर हाताशी असल्याशिवाय निघू नका. अर्ध्या वाटेत ती शिल्लक तशीच दिसली तर वेग वाढवून ती खर्च करता येते. कमी पडली तर मात्र उसनी कुठून आणणार?

फिनिशच्या वर्तुळात किमान उंचीच्या वर राहून या. झाडांच्या शेंड्यांवरून सूं करत येण्याने गुण वाढत नाहीत, कापले जातात. रेडिओवर सांगा, एअरब्रेक आणि चाक तपासा, आणि मागून येणाऱ्यांसाठी धावपट्टी लगेच मोकळी करा.

पायरी ११: संध्याकाळ

लॉगरची फाइल वेळेत द्या, उशिरालाही गुण कापतात. मग विजेत्याचा आणि तुमचा मार्ग संगणकावर शेजारी शेजारी उघडा. तीनच गोष्टी बघा: एकूण वेळापैकी घिरट्यांत किती गेला, प्रत्येक थर्मलमधला सरासरी चढ किती, आणि कोणत्या थर्मलमध्ये तो शिरला पण एक वळण घेऊन सोडून गेला. ही सोडून दिलेली थर्मल मला नेहमीच सर्वांत शिकवून गेली आहेत. विजेत्याला जाऊन विचारा, तिथे तुम्ही का थांबला नाहीत? स्पर्धेतली माणसं हे मोकळेपणाने सांगतात, कधीकधी तर रुमालावर ढग काढून दाखवतात.

त्यानंतर बॅटऱ्या चार्जिंगला लावा, पाण्याच्या पिशव्या भरून ठेवा आणि ट्रेलरच्या किल्ल्या क्रूच्या हातात द्या.